प्राण्या-पक्ष्यांची प्रिंट घेताय? आधी भिंग काढा

वाघ, घुबड, खंड्या असलं काही भिंतीला लावायचं म्हणून प्रिंट घ्यायला गेलात की विकणाऱ्याला पहिलं हेच विचारा, की ही हाताने छापलीय का मूळ चित्राची मशीनवरची कॉपी आहे, कारण दोन्हीला प्रिंटच म्हणतात आणि दोन्हीखाली पेन्सिलने ७/३० (म्हणजे तीस कॉप्यांतली सातवी) आणि सही असू शकते.

मग सोनाराकडे असतं तसलं भिंग लावा. रंगाचे ठिपके एका नक्षीत दिसले तर ऑफसेट, म्हणजे छापखान्यातली मशीनछपाई, बारीक फवारा मारल्यागत दिसलं तर इंकजेट, जे झिक्ले (giclée) म्हणून भारी भावात खपवतात. लिनोकटला (लिनोलियमचा तुकडा कोरून त्यावरून छापलेली प्रिंट) शाई सलग असते, कडेला जराशी जाड चढलेली. एचिंगला (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून छापलेली) चित्राभोवती प्लेटचा दाबलेला चौकोन दिसतो, पण तो खोटाही उमटवता येतो, तेवढ्यावर भुलू नका.

आता नंबर. मला विचाराल तर पैसे रिडक्शन लिनोकटला द्यावेत. त्यात लिनो एकच असतो, आधी सगळ्या कागदांवर पिवळा छापायचा, मग तोच लिनो अजून कोरून वर हिरवा, अजून कोरून काळा, शेवटी हातात उरतो फक्त काळ्यापुरता भाग, मग पिवळा परत छापणार कशावरून? म्हणजे तीस म्हणजे तीसच. इंकजेटची फाइल मात्र तशीच राहते, तिथे तीस हा नुसता शब्द झाला. (ए.पी., म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, लिहिलेली कॉपी आर्टिस्टने स्वतःसाठी काढलेली, ती तिसात धरत नाहीत.)

जुन्या प्रिंटला 'कोणाची' इतकंच 'कधी छापली' हे विचारा. इंग्लंडचा थॉमस ब्युइक बॉक्सवूड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर पक्षी कोरायचा, ते ठोकळे इतके टिकाऊ की तो १८२८ मध्ये गेल्यावरही त्यांच्यावरून छपाई झाली. चित्रकार ऑडुबॉनच्या अमेरिकन पक्ष्यांच्या ४३५ प्लेट्स १८२७ ते १८३८ मध्ये निघाल्या, रंग हाताने भरलेले, आणि नंतर त्यांच्या कॉप्या किती निघाल्या विचारू नका. कागद उजेडासमोर धरा, ऑडुबॉनच्या मूळ प्रिंटला 'जे व्हॉटमन' हे कागदवाल्याचं नाव आणि साल असा वॉटरमार्क (कागदातच असलेली खूण) दिसतो.

फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) सांगा, काच कागदाला टेकू देऊ नका, सेलोटेप तर अजिबात नको. आणि पावसाळ्यात ओल धरणारी भिंत सोडून दुसरी बघा.