गळकी केबल आणि टू मीटरवरचा नवा हॅम

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. त्याच्या परवान्याची, एएसओसीची, परीक्षा पास झालात, व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन आलं, हातात टू मीटरचा सेट आला, की लवकरच एक तक्रार सुरू होते: रिपीटर (दुबळा सिग्नल उचलून जोरात पुढे पाठवणारं स्टेशन) नीट ऐकू येतो, पण दूरचं, बारीक काही ऐकायला जावं तर नुसता खरखराट. लोक लगेच अँटेना बदलायला निघतात. मी म्हणते, आधी गच्चीवरून लोंबणाऱ्या केबल टीव्हीच्या त्या काळ्या तारेकडे बघा.

पुण्यात मी या भानगडीत पडले ती अॅनालॉग केबलच्या काळात. आपला टू मीटरचा बँड १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. केबलवाला मात्र तारेच्या आत हवी ती फ्रीक्वेन्सी वापरतो, कारण ती तारेबाहेर येणारच नाही असं गृहीत धरलेलं असतं. तार किंवा जोड खराब झाला की ती बाहेर गळते. आपल्याकडच्या जुन्या पाल-बी टीव्ही पद्धतीतला एस-६ हा केबल चॅनेल १३९ ते १४६ मध्ये बसायचा. चित्राचा कॅरिअर (ज्यावर चित्र वाहून नेलं जातं ती मुख्य लहर) १४०.२५ वर, रंगाचा १४४.६८ च्या आसपास आणि आवाजाचा थेट १४५.७५ वर. आता आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक १४५.८०० वर बोलतं. ते डोक्यावरून जात असताना कान टवकारून बसावं आणि जेमतेम ५० किलोहर्ट्झ अंतरावरून कुठल्यातरी मालिकेतल्या सासूबाई कडाडाव्यात, असा प्रकार. आवाजही फाटका, कारण टीव्हीच्या आवाजाचं डेव्हिएशन, म्हणजे फ्रीक्वेन्सीचं मागेपुढे हलणं, ५० किलोहर्ट्झपर्यंत जातं आणि आपल्या सेटला जेमतेम ५ ची सवय. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ वरून हॅमसॅट हा हॅमसाठीचा भारतीय उपग्रह गेला, त्याचा खाली येणारा सिग्नलही १४५.९ च्या आजूबाजूला होता. म्हणजे उपग्रह ऐकायची हौस असणाऱ्यांच्या बरोबर उंबऱ्यावर ही गळती.

इथे एक सूचना. इंटरनेटवरची बरीचशी माहिती अमेरिकन हॅमनी लिहिलेली आहे आणि त्यात १४५.२५ वर गळती शोधा असं असतं. ते त्यांच्या १८ नंबरच्या केबल चॅनेलच्या चित्राचा कॅरिअर. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी हॅमला ते उपयोगी पडलं असेल, पुण्यात मात्र त्या आकड्यावर काही सापडायचं नाही.

आता अॅनालॉग राहिलं नाही. पुण्याला डिजिटल केबलसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती, त्यानंतर सासूबाई गप्प झाल्या. गळती मात्र थांबली नाही, तिने फक्त रूप बदललं. डिजिटल चॅनेलला ठळक कॅरिअर नसतो. सुमारे ८ मेगाहर्ट्झ रुंदीचा सपाट गोंगाट असतो. तो आपला अख्खा २ मेगाहर्ट्झचा बँड एका घासात गिळतो, त्यामुळे डायल फिरवून सुटका नाही. शिवाय तुमचा सेट एका वेळी साडेबारा किलोहर्ट्झच ऐकतो, म्हणजे गळलेल्या शक्तीचा सुमारे ६४०वा भाग. म्हणून नवखा माणूस सेट घेऊन बिल्डिंगभर फिरतो आणि काहीच सापडलं नाही म्हणून परत येतो. यासाठी लॅपटॉपला किंवा ओटीजी केबलने मोबाइलला जोडायचा स्वस्त एसडीआर डाँगल घ्या, म्हणजे रुंद पट्टा एकदम स्क्रीनवर दाखवणारा छोटा रिसीव्हर. स्क्रीनवर गोंगाटाची पातळी जिथे एकदम कड्यासारखी चढते आणि उतरते, ती त्या ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याची कडा. डाँगल एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झच दाखवतो, म्हणून खालीवर सरकवत कडा शोधावी लागते. एलईडी बल्बचा किंवा चार्जरचा गोंगाट असा काटकोनात कापलेला नसतो.

घराबाहेर पडण्याआधी घर तपासा. सेट बॅटरीवर चालवा आणि मेन स्विच बंद करा. गोंगाट गेला तर भूत तुमच्याच घरात आहे. नाही गेला तर सेटटॉप बॉक्समागची केबल काढून बघा. त्याने फरक पडला तर दोष तुमच्याच खोलीतल्या जोडणीत. वीज गेल्यावर गोंगाट थांबला म्हणून केबलवाल्याला दोषी ठरवू नका. त्याचा जिन्यातला अँप्लिफायर जसा बंद पडतो, तशीच शेजाऱ्यांची सगळी उपकरणंही बंद पडतात, त्यामुळे लोडशेडिंगमधून फारसं काही कळत नाही.

मग यागी, म्हणजे एकाच दिशेने जास्त ऐकणारी अँटेना. मोजपट्टीच्या पोलादी पट्टीची तीन एलिमेंटची यागी घरी करता येते, आणि फॉक्स हंटिंगलाही, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळालाही, तीच लागते. दुरून दिशा मिळते, पण गच्चीवर पोचलं की सगळीकडून सारखाच जोर दिसू लागतो. तिथे यागी खाली ठेवा. डाँगलला वीतभर तार लावा, तो छातीशी धरा आणि स्वतःभोवती सावकाश फिरा. गोंगाट सगळ्यात कमी होईल तेव्हा उगम तुमच्या पाठीमागे असतो. ही अंगाची आड धरायची युक्ती मला कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त कामी आली आहे.

उगम बहुतेक ठरलेल्या जागी सापडतो. झाकणाचे स्क्रू हरवलेला अँप्लिफायरचा डबा, हाताने पिळून बसवलेला सैल कनेक्टर, दोन तारा पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जॉइंट, टर्मिनेटर (मोकळं तोंड बंद करणारी टोपी) न लावलेलं, एका तारेच्या अनेक करणाऱ्या स्प्लिटरचं तोंड. उन्हाने वरचं आवरण तडकतं, पावसाळ्यात मधल्या तारेभोवतीची, सिग्नल आत अडवणारी धातूची जाळी काळी पडते. मधली तार थोडी उघडी पडण्यापेक्षा ही जाळी तुटणं जास्त वाईट, कारण मग केबलची पूर्ण लांबीच अँटेना होते. डीटीएच किंवा फायबर घेतलेल्यांच्या खिडकीत कापून सोडलेली जिवंत टोकंही बघून ठेवा.

हात मात्र लावू नका. जाळं केबलवाल्याचं आहे, आणि ओल्या गच्चीवरच्या डब्यात वीज असते.

केबलवाल्याशी बोलणं हे मला यातलं सर्वांत कठीण काम वाटतं. "माझ्या रेडिओला त्रास होतो" म्हणालात तर "दादा, बघतो" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी म्हणा, "भाऊ, तुमचा सिग्नल इथून गळतोय." जिथून आतलं बाहेर येतं, तिथूनच बाहेरचं आत शिरतं, आणि ते त्याला नीट समजतं. चित्राचे चौकोन होऊन अडकल्याच्या तक्रारी त्याच्याकडे येतच असतात. केबलवरून इंटरनेट देत असेल तर घरून त्याच्याकडे जाणारा सिग्नल ५ मेगाहर्ट्झपासून वरच्या पट्ट्यात असतो, आणि तुम्ही १४ किंवा २१ मेगाहर्ट्झवर बोललात की त्या फटीतून तोही बिघडतो. सिग्नलचा जोर मोजणारा डीबी मीटर घेऊन येणाऱ्या मुलाला सोबत नेऊन जागा दाखवा. चहा पाजा. तो दाबून बसवायचा चांगला कनेक्टर लावून जाईल, आणि पुढच्या वेळी फोन उचलेल.

नाहीच ऐकलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १९९५ च्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्याच्या कलम १० प्रमाणे केबलच्या जाळ्याने अधिकृत दूरसंचार यंत्रणेत व्यत्यय आणायचा नाही, आणि परवाना असलेलं हॅम स्टेशन त्यात मोडतं असं मी धरून चालते. तक्रार दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंगकडे करता येते. अर्जात फ्रीक्वेन्सी, तारीख, वेळ, डाँगलच्या स्क्रीनचे फोटो आणि उगमाची नेमकी जागा लिहा. केबल काढलेली असताना आणि जोडलेली असताना, असे दोन्ही फोटो शेजारी लावलेत तर जास्त प्रश्न विचारले जात नाहीत.