देवस्थानाचं खातं आणि चेंज रिपोर्ट

आमच्या देवस्थान ट्रस्टचे दोन सह्या करणारे विश्वस्त वारले. नवे निवडले, ठराव झाला, पण बँकेच्या खात्यावर नव्यांच्या सह्या लावायला गेलो तर बँक म्हणाली, "आधी शेड्यूल एकचा उतारा आणा." हा उतारा म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा, विश्वस्तांची नावं असलेला कागद. त्यावर अजून जुनीच नावं!

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे असा बदल 90 दिवसांत सहायक वा उप धर्मादाय आयुक्तांकडे कळवायचा असतो. जुन्या मंडळींनी कळवलाच नव्हता. मग चेंज रिपोर्टसोबत, म्हणजे बदल कळवायच्या अर्जासोबत, विलंब माफीचा अर्ज जोडला. मृत्यूचे दाखले, नव्यांची संमतीपत्रं दिली. खरी मेख सभेच्या नोटिशीत असते. ती ट्रस्टच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, दिलेल्या मुदतीत सर्वांना पोचल्याचा पुरावा लागतो. आमच्या पोचवहीतल्या सह्यांनी तारलं. नुसता ठराव घेऊन गेलात तर हेलपाटे पक्के.

हरकत कुणाची आली नाही, बदल मंजूर झाला. नोंद झालेल्या उताऱ्याची प्रमाणित प्रत दिल्यावर खातं सुरू झालं.

जाता जाता: काहीजण लगेच देवस्थानाची जमीन विकायचं म्हणू लागले. त्याला कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, नुसता विश्वस्तांचा ठराव चालत नाही. तो विषय तिथंच मिटला, बरं झालं.