वृद्धाश्रमात औषधे कशी सांभाळावीत आणि कशी द्यावीत

बीपीची एक, शुगरच्या दोन, थायरॉइडची एक, रक्त पातळ ठेवणारी एक, झोपेची अर्धी. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला दिवसाला सहा-सात गोळ्या असणे आता नेहमीचेच झाले आहे. अशी पंचवीस माणसे आश्रमात असली की रोज दीडशेच्या वर गोळ्या हातातून जातात, आणि त्या देणाऱ्या मावशी किंवा मामा बहुतेक ठिकाणी नर्सिंग शिकलेले नसतात. म्हणून भिस्त पद्धतीवर हवी. कोणाच्या लक्षात राहण्यावर ती ठेवली की आज ना उद्या चूक होतेच. खालची पद्धत एक वही, एक कुलपाचे कपाट आणि दोन सावध माणसे एवढ्यावर चालते. गोळी सुरू करणे, बंद करणे, मात्रा बदलणे हे मात्र डॉक्टरांचेच काम.

पहिल्या दिवशी पिशवी पूर्ण रिकामी करा

नवीन आजी-आजोबा राहायला येतात तेव्हा नातेवाईक औषधांची पिशवी आणि चिठ्ठ्यांची फाइल ठेवून जातात. ते निघायच्या आत पिशवी टेबलावर रिकामी करा आणि एकेक पाकीट ताज्या चिठ्ठीशी जुळवा. मागेच बंद झालेली एखादी गोळी, मुदत संपलेले एखादे पाकीट आणि दोन नावांनी आलेले एकच औषध, या तीन गोष्टी हमखास निघतात.

यातली तिसरी सगळ्यांत घातक. आपल्याकडे एकाच औषधाची कितीतरी ब्रँडनावे आहेत. डिस्चार्ज कार्डावर एक नाव, फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसरे, आणि जनऔषधीच्या पाकिटावर नुसते मूळ औषधाचे नाव. तिन्हींत बीपीची टेल्मिसार्टन ४० असेल, तर आजोबांच्या पोटात १२० मिलिग्रॅम जाते आणि सकाळी पलंगावरून उठताना ते चक्कर येऊन पडतात. मिश्र गोळ्यांत हे आणखी लपते. टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन एकत्र असलेली गोळी चालू असताना ॲम्लोडिपिनची वेगळी गोळीही चालूच राहते. म्हणून ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेले मूळ औषध आणि मिलिग्रॅम वहीत उतरवा. अक्षर वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. मेटफॉर्मिन शुगरसाठी, मेट्रोनिडाझोल जंतुसंसर्गासाठी. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात.

चिठ्ठीबाहेर काय घेतले जाते तेही विचारा. ज्येष्ठमध रोज घेतल्याने बीपी वाढू शकते. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले निघू शकते. अशी पुडी लगेच डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक थांबवणे धोक्याचे असते.

कोणीही हॉस्पिटलमधून परत आले की हे सगळे पहिल्यापासून करायचे. बहुतेक गोंधळ या घरी परतण्याच्या दिवशीच होतात.

एका माणसाला एक तक्ता

तक्त्याच्या डोक्यावर फोटो, पूर्ण नाव, वय, पलंग क्रमांक, आजार, डॉक्टरांचा आणि नातेवाइकांचा फोन. ॲलर्जी लाल शाईने, आणि नसेल तर ‘नाही’ असे स्पष्ट लिहा. फोटो हवाच, कारण दोन सुशीलाबाई एकाच मजल्यावर राहत असतात आणि नवीन मावशींनी हाक मारली की दोघीही ‘ओ’ देतात.

खाली प्रत्येक औषधाची एक ओळ: मूळ नाव, ब्रँडनाव, मिलिग्रॅम, किती गोळ्या, कशासाठी, कोणत्या वेळी, जेवणाआधी की नंतर, आणि पुढे महिन्याच्या प्रत्येक दिवसाचा सहीचा चौकोन. चिठ्ठीतले १-०-१ तसेच उतरवू नका, ‘सकाळी ८ आणि रात्री ८’ असे लिहा. ‘एसओएस’ (म्हणजे गरज पडली तरच) लिहिलेल्या गोळीसाठी डॉक्टरांकडून तीन उत्तरे घ्या: कोणत्या त्रासाला, दोन वेळांत किती तासांचे अंतर, दिवसाला जास्तीत जास्त किती. पॅरासिटामॉल ५०० असेल तर दोन वेळांत किमान ४ ते ६ तास. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ते याच हिशेबात धरा.

रोज नसलेल्या औषधांकडे विशेष लक्ष द्या. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज दिली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. हाडांसाठीची ॲलेन्ड्रोनेट ७० आणि ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडीही सहसा आठवड्याचीच. हृदयाची डिगॉक्सिन आपल्याकडे अनेक डॉक्टर आठवड्यातले पाच दिवस लिहितात. अशा औषधांच्या ओळीत बाकीच्या दिवसांचे चौकोन महिन्याच्या सुरुवातीलाच फुली मारून बंद करा. चौकोन उघडा दिसला की तिथे सही करावीशी वाटतेच.

मात्रा बदलली तर जुन्या आकड्यावर गिरवू नका. जुनी ओळ आडवी रेघ मारून बंद करा, तारीख घाला, नवीन ओळ लिहा. डॉक्टरांनी फोनवर बदल सांगितला तर लिहून घेऊन त्यांना परत वाचून दाखवा आणि चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा.

साठवण

प्रत्येकाचा नावाचा वेगळा डबा, सगळे डबे कुलपाच्या कपाटात, चावी पाळीवरच्या एकाच माणसाकडे. झोपेच्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या दर पाळीला मोजून लिहा.

मेडिकलवाले पाकीट कापून देतात तेव्हा मुदत छापलेला भाग बऱ्याचदा दुकानातच राहतो. शक्यतो पूर्ण पाकीट घ्या, नाहीतर मुदतीचे टोक आपल्याकडे मागून घ्या. मुदतीचे टोक शेवटपर्यंत राहील अशा बेताने गोळ्या दुसऱ्या टोकाकडून फोडत जा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, फॉइलमधून काढून डबीत भरलेल्या गोळ्या ओल धरतात, त्यांवर डाग पडतात. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतले कपाट भट्टीसारखे तापते. बहुतेक गोळ्यांवर २५ किंवा ३० अंशांच्या आत ठेवा असे छापलेले असते, तेव्हा कपाट खिडकी, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या तिन्हींपासून लांब, घरातल्या सर्वांत गार खोलीत हवे. फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवा, तापमान २ ते ८ अंश हवे. इन्सुलिन फ्रीझरला लागून ठेवू नका आणि दारातही नको. गोठलेले इन्सुलिन पूर्ववत दिसले तरी ते टाकूनच द्यायचे.

गोळ्या देताना

रात्रीच सगळ्यांच्या वाट्या भरून ट्रेमध्ये मांडून ठेवायच्या, ही सवय पहिल्यांदा मोडा. वाटीत पडलेली पांढरी गोळी कोणाची आणि कोणती, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच माणूस:

१. तक्ता उघडा, फोटो पाहा, त्यांनाच नाव विचारा. ‘तुम्ही सुशीलाबाई ना?’ असे विचारू नका. ऐकू न आलेली आजीही मान डोलावते. ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे म्हणा. सांगता येत नसेल तर फोटो आणि पलंग क्रमांक दोन्ही जुळवा.

२. डबा काढा, पाकिटावरचे नाव आणि मिलिग्रॅम तक्त्याशी बोट ठेवून जुळवा, मगच गोळी फोडा.

३. त्यांना ताठ बसवा. आडवे असताना गोळी घशात अडकते किंवा श्वासनलिकेत जाते. अर्धा पेला पाणी द्या. ज्यांना पातळ पाण्याने ठसका लागतो त्यांच्यासाठी डॉक्टरांनी काय सांगितले आहे ते तक्त्यावर लिहिलेले असावे.

४. गिळेपर्यंत तिथेच थांबा, गालात गोळी राहिली नाही ना ते पाहा.

५. त्यानंतरच सही. आधी सह्या करून ठेवल्या तर त्या तक्त्याला काही अर्थ उरत नाही. हाक मारली, फोन वाजला तरी हे पाच टप्पे मध्ये सोडू नका. वाटप करणाऱ्यांशी त्या वेळात कोणी बोलायचे नाही, असा नियम सगळ्या आश्रमासाठी करा.

थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब. ॲलेन्ड्रोनेट सकाळी पूर्ण पेलाभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही. ज्यांना बसताच येत नाही त्यांच्याबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. लघवी होण्याच्या गोळीचा दुसरा डोस संध्याकाळी चारच्या आत, नाहीतर रात्री अंधारात संडासाकडे जाताना पडणे ठरलेलेच. पार्किन्सनच्या लेव्होडोपाला वेळेची चालढकल चालत नाही. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी काहींचे अंग आखडते, खुर्चीतून उठता येत नाही.

डोळ्यांत दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या, आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. बहुतेक थेंबांची बाटली त्यानंतर चार आठवड्यांनी फेकून द्यायची असते. दम्याच्या इन्हेलरमध्ये घालायची कॅप्सूल बरेच आजोबा सरळ गिळून टाकतात, म्हणून ती त्यांच्या हातात सुटी देऊ नका. विसरभोळेपणासाठी रिवास्टिग्मिनची चिकटपट्टी असेल तर जुनी काढल्याशिवाय नवी लावू नका. पाठीवर दोन-तीन पट्ट्या राहून गेल्या की उलट्या होतात, नाडी मंदावते.

गोळी कुटण्याआधी

गिळता येत नाही म्हणून खलबत्ता हाती घेण्याआधी पाकीट पाहा. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असेल तर ती गोळी कुटायची नाही. बारा-चोवीस तासांत हळूहळू सुटायचे औषध एकदम सुटते आणि बीपी किंवा शुगर धाडकन खाली येते. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलवरचे आवरण पोटातल्या आम्लापासून गोळीच्या बचावासाठी असते, तेही फोडू नका. डॉक्टरांना पातळ औषध किंवा दुसरा पर्याय विचारा.

कोणी गोळी घ्यायला नाही म्हटले तर वरण-भातात लपवून देऊ नका. कारण विचारा. कडू लागते, घशात अडकते, सारखे लघवीला जावे लागते, असे काहीतरी खरे कारण निघते आणि त्याला बहुधा उपाय असतो. वीस मिनिटांनी पुन्हा विचारा. तरीही नकार असेल तर ‘नकार’ असे लिहा. इन्सुलिन, फिटची, पार्किन्सनची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे.

इन्सुलिन

इथल्या चुकीला सुधारायला वेळ मिळत नाही. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असते, पण १०० चेही मिळते. ४० च्या बाटलीला ४० ची सिरिंज, लाल टोपणाची. १०० च्या बाटलीला १०० ची, नारिंगी टोपणाची. समजा २० युनिट द्यायचे आहेत, बाटली १०० ची आहे आणि हातात लाल टोपणाची सिरिंज आली. २० च्या रेघेपर्यंत भरले म्हणजे अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलट अदलाबदल झाली तर जातात फक्त ८ युनिट आणि शुगर चढत राहते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. इन्सुलिन पेनच्या काडतुसातून सिरिंजने औषध ओढू नका, आणि सुई बदलली तरी एकाचे पेन दुसऱ्याला वापरू नका.

दुधाळ इन्सुलिन तळहातांत दहा वेळा फिरवा, दहा वेळा वरखाली करा. जोरात हलवू नका. उघडलेली बाटली साधारण २८ दिवस चालते, उघडल्याची तारीख लिहा. देण्याआधी शुगर तपासा आणि जेवण तयार आहे ना ते स्वयंपाकघरात जाऊन पाहा.

शुगर ७० च्या खाली गेली तर इन्सुलिन थांबवून आधी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग खायला आणि डॉक्टरांना फोन. घाम, थरथर सगळ्यांनाच होत नाही. म्हातारपणी बऱ्याचदा नुसते भलतेच बोलणे किंवा गुंगी दिसते आणि ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिले जाते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. शुगरच्या गोळ्यांपैकी ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर काही तासांनी शुगर पुन्हा उतरू शकते, त्यामुळे तरतरी आली तरी डॉक्टरांना सांगायचेच.

उपासाचे दिवस कॅलेंडरवर आधीच खुणावून ठेवा. संकष्टीला आजी सकाळची शुगरची गोळी घेतात आणि चंद्रोदय होईपर्यंत जेवत नाहीत. रात्री नऊला चंद्र उगवेपर्यंत शुगर कुठल्याकुठे गेलेली असते. एकादशीला उलट, साबुदाण्याच्या खिचडीने ती चढते. रोज्यांचेही तसेच. उपास मोडा म्हणून वाद घालू नका, चार दिवस आधी डॉक्टरांकडून त्या दिवसाची मात्रा लिहून घ्या. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तरी असाच फोन करा: मेटफॉर्मिन, लघवीची गोळी आणि बीपीच्या काही गोळ्या अशा दिवशी किडनीला त्रास देतात.

चूक झालीच तर

एकाची गोळी दुसऱ्याला गेली, की आधी माणसाकडे पाहा: शुद्ध, नाडी, बीपी, शुगर. मग पाकीट हातात धरून डॉक्टरांना फोन: काय, किती, किती वाजता, आणि या व्यक्तीच्या स्वतःच्या गोळ्या कोणत्या. उलटी करवू नका. डोस राहून गेला तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. वहीत खरी वेळ लिहा, नातेवाइकांना त्याच दिवशी सांगा. ज्या मावशींनी चूक कबूल केली त्यांना ओरडलात तर पुढची चूक तुम्हाला कळणारच नाही, आणि ती भोगणार आजीच. औषधाचा दुष्परिणाम वाटत असेल तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर कळवता येते.

उरलेली औषधे

महिन्यातून एकदा सगळे डबे तपासा. बंद झालेल्या, मुदत संपलेल्या आणि निधन झालेल्यांच्या गोळ्या त्याच दिवशी कपाटातून बाहेर काढून यादी करा. चांगल्या आहेत म्हणून दुसऱ्या कोणाच्या डब्यात टाकू नका. संडासात किंवा ओल्या कचऱ्यातही नको. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे मुदतबाह्य औषधे पिवळ्या पिशवीत जातात, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. जवळच्या हॉस्पिटलशी किंवा कचरा उचलणाऱ्या अधिकृत सेवेशी बोलून हे ठरवून ठेवा, आणि डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायला जाऊ नका, बोटात सुई शिरते ती बहुधा त्याच वेळी.