फौजी बुटाचं सोल उघडलं होतं, चिकटवलं नाही, शिवून घेतलं

आमच्या आजोबांचे महूचे (इंदूरजवळची लष्करी छावणी) बूट, तळाला खिळे, टाचेला लोखंडी नाल, हल्ली मुलाला गॅदरिंगसाठी हवे होते, पण उजव्याचं सोल पुढून उघडलेलं. इंदूरला जो तो सोल्यूशन लावून देतो म्हणतो, ते मला पटलं नाही. या बुटात वरचं चामडं आणि सोल यांच्यामध्ये चामड्याची पट्टी असते, तिला वेल्ट म्हणतात, सोल त्या पट्टीला शिवलेलं असतं, त्यामुळे सोल झिजलं तर तेवढंच उसवून नवीन घालता येतं. असे खिळे-नालवाले बूट, ज्यांना अॅम्युनिशन बूट म्हणतात, ब्रिटिश फौजेने दोन्ही महायुद्धांत वापरले ते उगाच नाही, खिळे झिजतात म्हणून चामडं वाचतं. (फरशीवर मात्र सटासट घसरतात, सांभाळून!)

तपासलं तर पट्टी शाबूत, फक्त दोरा कुजलेला. मोचीकाकांना म्हटलं, काका, जुन्याच भोकांतून आरी घाला, नवी भोकं पाडली तर पट्टी फाटेल. मेण चोळलेला जाड दोरा, दोन्ही बाजूंनी टाके घातले. आधी बूट सावलीत वाळवले, उन्हात चामडं तडकतं, मग क्रीम चोळलं. सुटलेले खिळे अजून बसवायचेत, तसे कुठे मिळतील ते कुणी सांगा.