डोंबिवलीत घर घेण्याआधीची तयारी

डोंबिवलीत घर शोधणाऱ्याला कागद कधी कमी पडत नाहीत. पहिल्याच भेटीत विक्री कार्यालयात फाइलमध्ये लावलेल्या पंधरा-वीस झेरॉक्स प्रती पुढ्यात येतात, त्यांवर गोल शिक्के असतात, पाठोपाठ चहा येतो आणि आपण पाने उलटत मान डोलावतो. अडचण अशी की त्यांतला एकही कागद आपण मागवलेला नसतो, तो आपल्याला दाखवलेला असतो. शहरही असेच दाखवले जाते: रविवारी सकाळी अकरा वाजता, दलालाच्या गाडीतून, मोकळ्या रस्त्याने. म्हणून ही तयारी लिहिताना एकच धोरण ठेवले आहे. जे दाखवले जाईल ते जरूर पाहावे, पण निर्णय स्वतः जाऊन काढलेल्या माहितीवर घ्यावा.

ज्याला शक्य असेल त्याने ज्या भागात घर घ्यायचे मनात आहे त्याच भागात आधी भाड्याने राहून एक पावसाळा काढावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे ‘साध्या स्टँपपेपरवर लिहून घेऊ’ ही सूचना घरमालकाची असो की दलालाची, नम्रपणे नाकारावी. अकरा महिन्यांचे भाडे फुकट गेले असे अनेकांना वाटते. परंतु कोणत्या गल्लीत पाणी साचते, पाणी किती वाजता येते आणि रात्री साडेदहाला स्टेशनवरून रिक्षा मिळते की नाही, हे त्या पैशांत कळते.

भाड्याने राहणे जमत नसेल तर निदान एका कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास इमारतीच्या फाटकापाशी उभे राहावे आणि घड्याळ लावून फलाटापर्यंत जावे. जाहिरातीतली ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ बहुधा मध्यरात्री मोटारसायकलवर मोजलेली असतात. शेअर रिक्षाची रांग, पुलाचा जिना आणि तिकिटाची खिडकी धरून आपली मिनिटे किती होतात ते लिहून ठेवावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटरवर आहे आणि जलद लोकलला साधारण सव्वा तास लागतो, हे कोणीही सांगेल. खरा प्रश्न गाडीत शिरण्याचा आहे. कर्जत-कसाऱ्याकडून भरून आलेली जलद गाडी फलाटाला लागते तेव्हा दारातली माणसे आधीच एकमेकांच्या खांद्यावर तोललेली असतात. उतरणारे दोन आणि चढू पाहणारे चाळीस. पाठीवरची बॅग पोटाशी घेऊन, एक पाय आत ठेवायला जागा मिळाली तरी चढलो म्हणायचे. अशा तीन गाड्या सोडून देऊन पाहाव्यात. डोंबिवलीहूनच सुटणाऱ्या धिम्या गाड्यांची वेळ आपल्या कचेरीला जुळते का, की डाउन गाडीने कल्याणपर्यंत उलटे जाऊन तिथून बसून यावे लागेल, याचा हिशेब घराच्या किमतीत धरला पाहिजे. नोकरी ऐरोली किंवा तळोज्याकडे असेल तर कल्याण-शीळ रस्ता संध्याकाळी सातला पाहावा. माणकोली-मोठागाव पुलामुळे पश्चिमेकडून ठाण्याकडे जाणारा रस्ता जवळचा झाला आहे, हे खरे. मेट्रोचे मात्र जी धावते तीच धरावी. नकाशावरच्या ठिपकेदार रेषेसाठी चौरस फुटामागे जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्व की पश्चिम, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतो. रेल्वेमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत आणि वाहनाने एका बाजूकडून दुसरीकडे जायचे तर कोपरचा किंवा ठाकुर्लीचा पूल गाठावा लागतो. मुलांची शाळा, आईवडिलांचे डॉक्टर आणि आपले घर शक्यतो एकाच बाजूला ठेवावे. फडके रोडजवळच घर हवे असा हट्ट असलेल्यांनी दिवाळीच्या पहिल्या पहाटे आणि गुढीपाडव्याला तिथे एकदा उभे राहून यावे. गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९९ पासून निघणारी नववर्ष स्वागतयात्रा आणि दिवाळी पहाटेला नटून जमणारी तरुणाई हे या गावाचे वैभव आहे. मलाही ते प्रिय आहे, परंतु त्या रस्त्यावर झोपमोड न होणारा माणूसच सुखाने राहू शकतो.

औद्योगिक वसाहतीच्या बाजूला घर पाहत असाल तर रात्री अकरानंतर आणि पावसाच्या सरीनंतर, अशा दोन वेळा जाऊन यावे. रासायनिक वास दिवसा येतोच असे नाही. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये इथल्या कारखान्यांत मोठे स्फोट झाले आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या, तेव्हा सर्वात जवळचा कारखाना कोणता आणि त्यात काय तयार होते, ही चौकशी करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पाण्याबद्दल विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नसतो, कारण उत्तर नेहमी ‘चोवीस तास’ असेच येते. त्याऐवजी सोसायटीच्या मागील वर्षाच्या जमाखर्चात टँकरवर किती खर्च पडला ते पाहावे आणि रखवालदाराला पाण्याची मोटर किती वाजता सुरू करतो ते विचारावे. खाडीलगतच्या सखल भागात तळमजल्यावरच्या दुकानदाराला २६ जुलै २००५ चे पाणी कुठवर आले होते ते विचारावे. तो हाताने भिंतीवर खूण दाखवतो.

आता कागद. इथे घाई केलेली चालत नाही. डोंबिवली-कल्याण परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी घरांची नोंदणी केली होती, कित्येकांनी बँकेचे कर्जही काढले होते. म्हणजे ‘रेरा नंबर आहे’ आणि ‘बँकेने कर्ज दिले’ या ज्या दोन वाक्यांवर आपण सर्वसाधारणपणे निर्धास्त होतो, ती दोन्ही तिथे खरी होती. महारेराच्या संकेतस्थळावर कागद विकासक स्वतः चढवतो, ही गोष्ट विसरू नये. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून त्याचे पान उघडावे, मंजूर नकाशा, ताबा देण्याची तारीख, न्यायालयीन दावे आणि बोजा (मालमत्तेवरचे कर्ज किंवा तारण) वाचावा, आणि तिथल्या बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत छापून घ्यावी. तिच्यावरचा जावक क्रमांक, दिनांक, सर्व्हे क्रमांक आणि मंजूर मजल्यांची संख्या अधोरेखित करून ती प्रत घेऊन कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात जावे. तोंडी ‘ठीक आहे’ यावर परत न फिरता माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्यामुळे हे काम सर्वात आधी हाती घ्यावे, टोकन देण्याच्या कितीतरी आधी. महिनाभर थांबायला विक्रेता तयार नसेल, तर तीही माहितीच समजावी.

२०१५ मध्ये महापालिकेत आलेल्या २७ गावांच्या हद्दीत, म्हणजे आजदे, सागाव, सोनारपाडा, दावडी, भोपर या बाजूंना, ग्रामपंचायतीच्या परवानगीवर उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारती आजही विकल्या जातात. किंमत मोहात पाडणारी असते. नियोजन प्राधिकरणाची मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, ओसी) नसलेले असे घर स्वस्त म्हणून घेऊ नये, कारण पुढे विकताना आपल्यालाही तसाच बेफिकीर ग्राहक शोधावा लागेल. जमिनीचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. त्यात कब्जेदारांची नावे आणि ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचावा, कूळ किंवा बोजा दिसल्यास संबंधित फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) काढावा, आणि मालकीचा मागील ३० वर्षांचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) आपण नेमलेल्या वकिलाकडून घ्यावा. विकासकाच्या वकिलाचा अहवाल विकासकासाठी असतो.

जुन्या इमारतीतले घर असेल तर प्रश्न थोडे बदलतात. सोसायटीच्या नावावर जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झाले आहे का, हे पहिले विचारावे, कारण त्यावाचून पुनर्विकासाच्या गप्पा हवेतच राहतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर ३ वर्षांनी संरचनात्मक तपासणी व्हायला हवी, तेव्हा शेवटचा अहवाल मागावा. विक्रेत्याची थकबाकी नसल्याचा दाखला आणि भागपत्राची (शेअर सर्टिफिकेटची) मूळ प्रत पाहावी. हस्तांतरणासाठी सोसायटीला २५,००० रुपयांहून अधिक अधिमूल्य (प्रीमियम) घेता येत नाही. ‘स्वेच्छा देणगी’ मागितली गेल्यास पावती कोणत्या नावाने देणार, एवढेच विचारावे. खोल्या मात्र जुलैत पाहाव्यात. सगळ्या घराचा रंग जुना आणि खिडकीखालची एकच भिंत नवी पांढरी असेल, तर तिथे तळहात ठेवून पाहावा. ओल रंगाखालूनही गार लागते.

क्षेत्रफळाच्या बाबतीत आमची स्वतःची फसगत झालेली आहे. रेरापूर्वीच्या काळात आम्हाला ६५० चौरस फुटांचे घर म्हणून सांगितले गेले आणि करारनाम्यात ३८.५५ चौरस मीटर लिहिलेले होते. आकड्याखाली सही करताना गुणाकार कोणी केला नाही. १०.७६४ ने गुणल्यावर ते ४१५ चौरस फूट भरले, आणि हे कळले ते सोफा दारातून आत गेल्यावर. आता चटई क्षेत्रच (कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) सांगणे बंधनकारक आहे, तरीही मोजपट्टी सोबत न्यावी आणि बाल्कनी चटई क्षेत्रात मोजली नाही ना, ते विचारावे.

पैशांची तयारी बँकेत जाण्याआधी घरी कागदावर करावी. समजा, पुनर्विक्रीचे घर ६० लाखांचे आहे. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते, म्हणजे ४८ लाख, आणि १२ लाख आपले. मुद्रांक शुल्क अधिभारांसह ७ टक्के धरून चालावे, ते ४ लाख २० हजार होते. घर केवळ स्त्रीच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत मिळते. नोंदणी शुल्क १ टक्का असले तरी कमाल ३०,००० रुपये आहे. दलाली १ टक्का, म्हणजे ६० हजार. सोसायटीचे २५ हजार. हे सर्व धरून हातात १७ लाख ३५ हजार हवेत, आणि यात वकील, रंग, गिझर अजून आलेले नाहीत. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचे (सरकारी दरपत्रकाचे) मूल्य यांतल्या मोठ्या आकड्यावर बसते, म्हणून तो दर आधी पाहून ठेवावा. ५० लाख किंवा अधिकच्या व्यवहारात १ टक्का कर विक्रेत्याच्या रकमेतून कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी आपली असते. बांधकाम चालू असलेल्या घरावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या, म्हणजे आपल्या महानगर प्रदेशात ६० चौरस मीटर चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंतच्या घराला तो १ टक्का आहे, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला मुळीच नाही. ‘काही रक्कम रोखीत’ ही सूचना आली की तिथेच उठावे.

नव्या प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. टोकन द्यायचेच तर चेकने द्यावे, आणि पावतीवर सदनिका क्रमांक, चटई क्षेत्र व व्यवहार मोडल्यास परताव्याची अट लिहून घ्यावी. करारनाम्याचा मसुदा आठवडाभर आधी मागून महारेराच्या नमुन्याशी ताडून पाहावा, विशेषतः ताब्याची तारीख, वाहनतळाचा क्रमांक आणि विलंबाचे व्याज. ताब्यानंतर ५ वर्षांपर्यंतचे संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात, म्हणून ताबापत्राच्या दिवशीच प्रत्येक खोलीची तारखेसह छायाचित्रे काढावीत.

नोंदणीनंतर सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) प्रत काढून तिच्यातले नाव, सदनिका आणि क्षेत्र अक्षर-अक्षर तपासावे, कारण चूक लगेच लक्षात आली तर चूकदुरुस्तीचा दस्त सोपा जातो. महावितरणचे बिल, मालमत्ता कर आणि सोसायटीचे भागपत्र, तिन्ही नावावर करून घ्यावीत. सोसायटीत नामनिर्देशनाचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. मूळ करारनामा आणि नोंदणीची पावती कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे राहते. म्हणून ते सुपूर्द करण्याआधी पानोपान स्कॅन करावे, आणि बँकेने काय काय ठेवून घेतले त्याची शिक्का मारलेली यादी हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये.