मार्चच्या पावसाचं गाणं कसं ऐकावं

‘आग्वास जी मार्सु’, म्हणजे ‘मार्चचं पाणी’. ब्राझीलचे संगीतकार टॉम जोबिम यांनी हे गाणं १९७२मध्ये लिहिलं. उमेद देणारं गाणं म्हणून कुणीतरी लिंक पाठवतं, आपण शब्द शोधतो आणि हाती लागतात काठ्या, दगड, काचा. तिथे बहुतेक जण सोडून देतात. सोडू नका.

आधी डोक्यातलं कॅलेंडर फिरवा. मार्च म्हटलं की आपल्याला ऊन आणि पाण्याचे टँकर आठवतात. रिओकडे मार्चात उन्हाळा संपत येतो, आणि हा पाऊस त्याचा निरोप घेऊन येतो. धृपदाचा अर्थ साधारण असा: उन्हाळ्याचं दार लावणारं मार्चचं पाणी आणि तुझ्या काळजात जगण्याचं वचन. हे गाणं इंग्रजीतही आहे आणि ते शब्द खुद्द जोबिम यांचेच आहेत, पण त्यात उन्हाळ्याचा शेवट जाऊन वसंताची चाहूल आली आहे. ते नंतर ऐकलं तरी चालेल.

मग पोर्तुगीज शब्दांचा कागद समोर घ्या. गोष्ट शोधू नका, ही यादी आहे. वाट संपली, झाडाचा खुंट उरला, काचेचा तुकडा, आयुष्य, सूर्य, रात्र, मरण. सगळं एका दमात, एकाच सुरात. काठी म्हणजे अमुक आणि दगड म्हणजे तमुक असं गाईड काढायच्या फंदात पडू नका. काठी ती काठीच.

मी बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे, त्यामुळे मला या यादीत घर उभं राहताना दिसतं. रिओ राज्याच्या डोंगराळ भागात जोबिम यांचा मळा होता, गाणं तिथलंच. तुळई येते, आढं चढल्याची मेजवानी येते (आपल्याकडे स्लॅब पडला की पेढे वाटतात, तसलंच), घराचा नकाशा येतो, सकाळच्या उजेडात वीट येऊन पोचते. आणि नकाशाच्या पुढच्याच ओळीत बंद पडलेली गाडी आणि चिखल, पुन्हा चिखल! रात्रभर पाऊस झाल्यावर विटांचा ट्रक मागच्या चाकापर्यंत रुततो, चार जण फळ्या सारतात, ड्रायव्हर शिव्या घालतो. तरी विटा उतरतात, कारण गवंडी येऊन बसलेला असतो. हाताला काटा, पायाला जखम, तापसुद्धा आहे गाण्यात. ‘आशा’ हा शब्द मात्र कुठेच नाही, आणि मला ते फार बरं वाटतं. वचन येतं ते या सगळ्या राड्यानंतर, राडा न आवरता.

तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा शब्द सोडा आणि खालच्या सुरांकडे कान द्या. बेस पायरी पायरीने उतरत जातो, वर चाल मोजक्याच सुरांत घुटमळते. उतारावरून पाणी वाहावं तसं ते चालतं, रडगाणं होत नाही.

सुरुवात ब्राझीलची गायिका एलिस रेजिना आणि जोबिम यांच्या १९७४च्या ध्वनिमुद्रणापासून करा. ते लॉस एंजेलिसमध्ये झालं. शेवटाकडे दोघं शब्दांचे तुकडे पाडत खेळतात आणि एलिसला हसू आवरत नाही. मरणाची ओळ गाऊन झालेली असते, हे लक्षात ठेवून ते हसू ऐका. त्यानंतर जोबिम यांचं १९७३चं, ‘मातिता पेरे’ अल्बममधलं एकट्याचं गाणं लावा. ते जास्त कोरडं आहे. साइटवरून दमून आल्यावर मी तेच लावतो.