गाडी बाहेर काढण्यापूर्वीची कायदेशीर तयारी

वाहतुकीचे गुन्हे रस्त्यावर घडतात असे आपण समजतो. पण मुदत संपलेला विमा किंवा अल्पवयीन मुलाच्या हाती दिलेली चावी यांसारखे कितीतरी गुन्हे गाडीला फाटकाबाहेर काढण्यापूर्वीच ठरून गेलेले असतात. म्हणून ही तयारी घरीच सुरू करावी. येथे दिलेल्या शिक्षा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील, २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या आहेत. खटला टाळण्यासाठी जागेवर भरायची तडजोडीची रक्कम प्रत्येक राज्य अधिसूचनेने ठरवते, त्यामुळे ती वेगळी असू शकते.

आधी कागदपत्रे पाहावीत. लायसन्स, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) या चारही कागदांच्या मुदती तपासाव्यात आणि ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये असल्याची खात्री करावी, कारण तेथील प्रत कायद्याने ग्राह्य असते. लायसन्सवर आपण चालवणार त्या प्रकारच्या वाहनाची नोंद आहे का, हेही पाहावे. केवळ विनागिअर दुचाकीची परवानगी असलेल्याने गिअरची मोटारसायकल चालवली, तर त्या वाहनापुरते ते विनापरवाना चालवणेच ठरते आणि त्यासाठी पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. विम्याशिवाय गाडी चालवल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठी चिंता अशी की अपघातात कोणी जखमी झाले, तर भरपाईचा सारा भार आपल्यावर येतो.

घरात अठरा वर्षांखालील मूल असेल, तर चावी कोठे ठेवली आहे हा या यादीतील सर्वांत गंभीर प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही, ते सिद्ध करावे लागते. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचा परवाना मिळतो, पण तो मिळाल्यानंतरच तीही चालवावी.

दुचाकीवर चार वर्षांवरील प्रत्येकाच्या डोक्यावर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकाचे हेल्मेट हवे, मागे बसणाऱ्याच्याही. हनुवटीखालचा पट्टा न लावता नुसते ठेवलेले हेल्मेट कायद्याच्या दृष्टीने घातलेले नसतेच. एक हजार रुपये दंडासोबत लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरू शकते. मोटारीत मागच्या आसनावरील प्रवाशांनाही पट्टा बांधण्यास निघण्यापूर्वीच सांगावे.

मोबाइलवरील नकाशा गाडी उभी असतानाच लावून घ्यावा आणि फोन होल्डरमध्ये ठेवावा. चालवताना फोन हातात घेणे, तांबडा दिवा ओलांडणे आणि उलट दिशेने जाणे हे तिन्ही धोकादायक वाहनचालनात मोडते. त्यास पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा दोन्ही आहे. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मद्यपानाचा बेत असेल, तर परतताना कोण चालवणार हे आधीच ठरवावे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळले की गुन्हा होतो आणि रात्री उशिरा घेतलेल्या मद्याचा अंश सकाळीही उरलेला असू शकतो. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे.

शेवटी प्रथमोपचार पेटी पाहावी. अपघात झालाच, तर जखमीला तातडीने उपचार मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. मदतीला धावलेल्या वाटसरूवर मात्र आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.